दिवसाला दीड तास मिळत असताना दहावी : मुक्त विद्यालयातून परीक्षा देऊ इच्छिणाऱ्यांसाठी

आठवीनंतर माझी शाळा सुटली आणि वयाच्या सदतिसाव्या वर्षी मी दहावी उत्तीर्ण झाले. इंदूरच्या भंवरकुवा भागात स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी राहणाऱ्या मुलांना मी दोन वेळचे डबे पुरवते. पहाटे साडेचारपासून दुपारी बारापर्यंत आणि संध्याकाळी पाचपासून नऊपर्यंत माझे हात स्वयंपाकात असतात. अभ्यासाला दुपारचा दीड तास उरत असे, तोही रोज नाही. गेल्या वर्षभरात आमच्या ओळखीतल्या पाच-सहा जणींनी आणि एका किराणा दुकानात काम करणाऱ्या भाऊंनी मला एकच प्रश्न विचारला की, एवढ्या वेळात हे जमले कसे. प्रत्येकाला तेच पुन्हा सांगण्यापेक्षा सर्व क्रमाने लिहून काढावे, म्हणून हा लेख लिहिला आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. ज्यांच्याकडे वेळ कमी आहे, त्यांच्या परीक्षेचा निम्मा निकाल अर्ज भरताना लागतो. कोणते विषय घेतले, कोणते माध्यम निवडले आणि कोणत्या खेपेला किती विषय दिले, हे तीन निर्णय चुकले तर पुढे रात्ररात्र जागूनही ती चूक भरून निघत नाही. ते बरोबर घेतले तर दीड तास पुरतो. म्हणून या लेखात अभ्यासाच्या पद्धतीपेक्षा आधीच्या निर्णयांवर मी अधिक लिहिले आहे.

1. मार्ग कोणता, हे आधी ठरवा

मी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून परीक्षा दिली. या संस्थेला सर्वजण एनआयओएस म्हणतात. 1989 साली ती राष्ट्रीय मुक्त विद्यालय या नावाने सुरू झाली आणि 2002 मध्ये तिला आजचे नाव मिळाले. तिची माध्यमिक परीक्षा राज्य मंडळाच्या दहावीशी समकक्ष मानली जाते. मध्य प्रदेशाचे स्वतःचे राज्य मुक्त विद्यालयही आहे आणि माध्यमिक शिक्षण मंडळाची दहावी शाळेत न जाता स्वाध्यायी विद्यार्थी म्हणूनही देता येते. तरीही नोकरी-संसार सांभाळणाऱ्या प्रौढ माणसाला मी एनआयओएसच सुचवते, आणि त्यामागे दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे की, येथे प्रवेश एकदा घेतला की तो पाच वर्षे चालतो आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एखाद्या खेपेला दोनच विषय दिले आणि ते उत्तीर्ण झाले, तर त्यांचे गुण आपल्या खात्यात जमा राहतात व पुढच्या खेपेला केवळ उरलेले विषय द्यायचे असतात. दुसरे कारण असे की, माध्यमिक प्रवेशासाठी किमान वय 14 वर्षे असले की पुरते, वरची वयोमर्यादा नाही. शिवाय आठवीचा दाखला हाती नसेल, तर आपण या अभ्यासक्रमाला पुरेसे शिकलेलो आहोत, असे स्वतःचे लेखी निवेदन चालते. आमच्या पिढीतल्या अनेक बायकांचे दाखले घरे बदलताना आणि माहेरून सासरी येताना हरवलेले आहेत. त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे.

ज्यांनी पूर्वी एखाद्या मान्यताप्राप्त मंडळाची दहावी दिली होती आणि त्यात काही विषय राहिले होते, त्यांनी नवा प्रवेश घेण्यापूर्वी जुनी गुणपत्रिका शोधून काढावी. आधी उत्तीर्ण झालेल्या विषयांपैकी जास्तीत जास्त दोन विषयांचे गुण नियमांनुसार येथे वर्ग करून घेता येतात. दोन विषय कमी होणे म्हणजे वर्षभराचा अभ्यास वाचणे होय.

2. दलालापासून दूर राहा

परीक्षा न देता दहावीची गुणपत्रिका मिळवून देतो, असे सांगणारी माणसे प्रत्येक शहरात आहेत. मलाही एका ओळखीच्या गृहस्थांमार्फत तसा निरोप आला होता आणि मागितलेली रक्कम माझ्या तीन महिन्यांच्या कमाईएवढी होती. ज्या मंडळाचे नाव आपण यापूर्वी कधी ऐकलेले नाही, त्याची गुणपत्रिका आयटीआयत किंवा नोकरीत पडताळणीला गेली की रद्द ठरते, आणि तोपर्यंत पैसे घेणारा माणूस सापडत नाही. अर्ज केवळ संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच भरावा. शुल्क तेथेच जमा होते, त्याची पावती तेथेच मिळते आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना असलेली सवलतही तेथेच दिसते.

3. कागदपत्रे, आणि त्यातही नाव

अर्जाला बसण्यापूर्वी पुढील गोष्टी एका पिशवीत एकत्र ठेवाव्यात :

– जन्मतारखेचा पुरावा : जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला
– आधार कार्ड आणि पत्त्याचा पुरावा
– आठवीची गुणपत्रिका असल्यास ती, नसल्यास स्वतःचे निवेदन
– अलीकडचे पासपोर्ट आकाराचे छायाचित्र आणि पांढऱ्या कागदावरची स्वाक्षरी, दोन्ही स्कॅन केलेले
– सवलत हवी असल्यास जातीचे किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र
– स्वतःचा चालू मोबाईल क्रमांक आणि स्वतःचा ईमेल

यांतील शेवटची ओळ मी मुद्दाम लिहिली आहे. अर्ज भरून देणाऱ्या दुकानात घाईघाईने दुकानदाराचाच ईमेल टाकला जातो. पुढे प्रवेशपत्र, परीक्षेची सूचना, पासवर्ड बदलण्याची लिंक असे सर्व काही त्याच्या पेटीत जाते आणि आपण त्याच्या दारात खेपा घालत राहतो. घरातल्या मुलाला किंवा मुलीला सांगून आपला ईमेल आधी उघडून घ्यावा आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवावा.

आता नावाविषयी. दहावीची गुणपत्रिका पुढे आयुष्यभर जन्मतारखेचा आणि नावाचा पुरावा म्हणून चालते, त्यामुळे तिच्यावर छापले जाणारे प्रत्येक अक्षर महत्त्वाचे आहे. आपल्या मराठी घरांत याची गुंतागुंत अधिक असते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव असते. आधारवर पतीचे नाव व सासरचे आडनाव असते, आणि काही घरांत तर लग्नात मुलीचे पाळण्यातले नावही बदललेले असते. त्यात इंदूरची म्हणून आणखी एक अडचण आहे. येथील हिंदी शाळांच्या दाखल्यांवर ‘ळ’ क्वचितच येतो, त्यामुळे घरचे ‘काळे’ दाखल्यावर ‘काले’ होतात आणि रोमन लिपीत तेच नाव तिसऱ्याच रीतीने लिहिले जाते.

यावर माझा सल्ला असा आहे की, जो कागद जन्मतारखेचा पुरावा म्हणून देणार आहात, त्यावर जसे नाव आहे तसेच, अक्षरशः तसेच, अर्जात लिहावे. लग्नानंतरचे नाव हवे असेल, तर नावबदलाची कायदेशीर कार्यवाही आधी पूर्ण करावी आणि मगच अर्ज करावा. माझ्या आधारवरचे आडनाव आणि दाखल्यावरचे आडनाव वेगळे होते. मी आधी ते एकसारखे करून घेतले आणि त्यात माझे चार महिने गेले. तेव्हा ते मला फार जाचले, परंतु पुढे एकदाही कोठे अडले नाही.

4. माध्यम : मराठी की हिंदी

एनआयओएसचा माध्यमिक अभ्यासक्रम मराठी माध्यमातही उपलब्ध आहे, हे येथल्या बऱ्याच मराठी कुटुंबांना ठाऊकच नसते. मलाही अर्ज भरायला बसल्यावरच कळले. मनात मराठी असणे आणि शाळेत हिंदी शिकलेले असणे, या दोहोंत निवड करताना पुढच्या गोष्टी तपासाव्यात.

आपण आठवीपर्यंत हिंदी माध्यमात शिकला असाल, तर गणितातला ‘लघुत्तम समापवर्त्य’ आणि विज्ञानातला ‘गुरुत्वाकर्षण बल’ आपल्याला हिंदीतच आठवतात. मराठी पुस्तकातला ‘लसावि’ समोर आला की तोच मुद्दा परका वाटू लागतो. शिवाय इंदूरच्या अध्ययन केंद्रावरचे, म्हणजे संस्थेने नेमून दिलेल्या शाळेतले, संपर्क वर्ग, शेजारच्या शिक्षकाची मदत, खजुरी बाजारात मिळणारी जुनी पुस्तके आणि संगणकावरचे बहुतेक पाठ हिंदीत असतात. वेळ कमी असताना भाषांतर करीत शिकणे परवडत नाही. म्हणून मी हिंदी माध्यम घेतले आणि मराठी हा भाषाविषय म्हणून घेतला. ज्यांचे शिक्षण महाराष्ट्रात मराठी शाळेत झाले आणि जे लग्नानंतर किंवा नोकरीमुळे येथे आले, त्यांनी मात्र मराठी माध्यमच घ्यावे.

माध्यमाचा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी वाचूनच अर्ज पुढे पाठवावा. माझ्या अर्जात तो रकाना दुकानातल्या मुलाने चुकून इंग्रजी असा भरला होता. शुल्क भरण्यापूर्वीच्या शेवटच्या पानावर ते माझ्या मुलीच्या लक्षात आले, म्हणून मी वाचले.

5. विषय निवडताना

उत्तीर्ण होण्यासाठी पाच विषय लागतात. त्यांत किमान एक आणि जास्तीत जास्त दोन भाषा असाव्या लागतात. येथे गणित सक्तीचे नाही, आणि याच ठिकाणी सर्वांत मोठा सापळा आहे.

गणित आणि विज्ञान टाळून दहावी लवकर होते, हे खरे आहे. पण आपल्याला दहावी कशासाठी हवी आहे, हे आधी कागदावर लिहावे. केवळ ‘दहावी उत्तीर्ण’ एवढीच अट असलेल्या ठिकाणी जायचे असेल, तर कोणतेही पाच विषय चालतील. आयटीआयत इलेक्ट्रिशियनसारख्या व्यवसायाला मात्र दहावीत गणित आणि विज्ञान असणे आवश्यक असते. किराणा दुकानातल्या त्या भाऊंना विजेचे काम शिकायचे होते आणि त्यांना कोणीतरी गणित सोडण्याचा सल्ला दिला होता. अर्ज अजून भरलेला नव्हता, म्हणून निभावले.

मला आयटीआयत संगणकाचा कोपा अभ्यासक्रम करायचा होता. त्याला दहावी पुरते, तरी पुढची दारे बंद होऊ नयेत म्हणून मी गणित ठेवले. माझे पाच विषय मराठी, गृहविज्ञान, गणित, सामाजिक विज्ञान आणि व्यवसाय अध्ययन हे होते.

गृहविज्ञानाबद्दल बायकांना सावध करते. रोज दोनशे पोळ्या लाटणाऱ्या बाईला हा विषय हातचा वाटतो आणि ती पुस्तक उघडत नाही. परीक्षेत पोळी लाटायची नसते. मोड आणल्याने कडधान्यातली कोणती पोषकद्रव्ये वाढतात, पदार्थ आंबवल्याने पचायला हलका का होतो, अन्न टिकवण्याच्या पद्धती कोणत्या आणि त्यामागचे तत्त्व काय, असे विचारले जाते. हात जाणतो, पण कागदाला संज्ञा हवी असते. मटकीला मोड मी वीस वर्षे आणत आले आणि त्यात ‘क’ जीवनसत्त्व वाढते हे मला त्या पुस्तकातून समजले. ज्या दिवशी ते वाचले, त्या दिवशी दुपारी कामाला लागताना मला वेगळाच आनंद झाला होता.

गृहविज्ञान, विज्ञान आणि गणित यांना प्रात्यक्षिकही असते. डेटा एंट्री व चित्रकला या विषयांत प्रात्यक्षिकाचा वाटा फार मोठा आहे. ज्यांच्या हाताला तशी सवय आहे त्यांना ते सोयीचे पडते, पण प्रात्यक्षिकाच्या तारखांना वेगळी सुटी काढावी लागते हे ध्यानात ठेवावे.

6. पाचही विषय एका खेपेला देण्याचा हट्ट धरू नका

सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते : एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. आपल्या धंद्याचा हंगाम पाहूनच खेप निवडावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरची परीक्षा दिवाळीच्या मागेपुढे येते आणि तेव्हा माझ्याकडे चकल्या, अनारसे व शंकरपाळ्यांच्या मागण्या असतात. वर्षाची शिल्लक त्या तीन आठवड्यांवर अवलंबून असते. मे महिन्यात डबे घेणारी बरीच मुले गावी जातात. म्हणून मी ऑक्टोबरची खेप दोन्ही वर्षे सोडली. पहिल्या एप्रिलमध्ये मराठी व गृहविज्ञान दिले आणि दुसऱ्या एप्रिलमध्ये गणित, सामाजिक विज्ञान व व्यवसाय अध्ययन दिले. लग्नांच्या मंडपाचे किंवा आचाऱ्याचे काम करणाऱ्यांनी याच्या उलट करावे.

पहिल्या खेपेला जे दोन विषय आपल्याला सर्वांत जवळचे आहेत तेच द्यावेत. वीस वर्षांनी परीक्षागृहात बसताना घाम फुटतो, हात थरथरतो, आणि तो पहिला धक्का सोप्या विषयावर पचवलेला बरा. दोन विषय उत्तीर्ण झाल्याचे कळले, तेव्हा आमच्या सासूबाईंनी स्वतःहून संध्याकाळची भाजी चिरण्याचे काम अंगावर घेतले. तोपर्यंत त्यांना हे सर्व चार दिवसांचे वाटत होते.

एप्रिलच्या परीक्षेसाठी प्रवेशाचा टप्पा आदल्या वर्षी मार्चच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत असतो. ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी तो सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत असतो. त्यानंतर विलंब शुल्क पडते. प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेची नोंदणी झाली, असे समजू नये. परीक्षेसाठी विषयवार वेगळा अर्ज आणि वेगळे शुल्क भरावे लागते. त्या तारखा संकेतस्थळावर पाहून स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लाल पेनाने लिहाव्यात.

7. टीएमए : घरी लिहायचे वीस गुण

प्रत्येक विषयाचा एक स्वाध्याय घरी लिहून द्यायचा असतो आणि त्याला टीएमए म्हणतात. तो वीस गुणांचा असून त्यात सहा प्रश्न असतात : दोन गुणांचे तीन, चार गुणांचे दोन आणि सहा गुणांचा एक प्रकल्प. अंतिम निकालात त्याचा भार वीस टक्के असतो. उत्तीर्ण व्हायला 33 टक्के लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या गुणांची किंमत कळते. असे असूनही कित्येक प्रौढ विद्यार्थी तो शेवटच्या आठवड्यात कोणाकडून तरी लिहवून घेतात किंवा देतच नाहीत.

एप्रिलच्या परीक्षेसाठी टीएमए जानेवारीअखेर आणि ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी जुलैअखेर द्यायचा असतो. मी तो दिवाळीनंतरच्या आठवड्यात सुरू करीत असे आणि डिसेंबरात पूर्ण करीत असे. स्वच्छ अक्षरात, प्रत्येक पानावर नोंदणी क्रमांक घालून लिहावा, आणि द्यायच्या आधी प्रत्येक पानाचे छायाचित्र मोबाईलमध्ये जपून ठेवावे.

टीएमएचा दुसरा उपयोग असा की, अभ्यासक्रमाची विभागणीच केलेली असते. साधारण 40 टक्के धडे टीएमएसाठी आणि 60 टक्के धडे लेखी परीक्षेसाठी असतात. प्रत्येक विषयाची ही यादी संकेतस्थळावर असते. ती छापून घ्यावी आणि पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवर खुणा कराव्यात. हे न करता पहिल्या पानापासून पुस्तक वाचत सुटणे म्हणजे हाती असलेल्या तुटपुंज्या वेळाची उधळण होय.

8. दीड तासाची मांडणी

एका पुस्तकात तीस धडे आहेत, असे धरू. त्यांतले सुमारे अठरा लेखी परीक्षेचे. प्रत्येक धड्याला तीन बैठका दिल्या, म्हणजे पहिली वाचण्याची, दुसरी लिहिण्याची आणि तिसरी उजळणीची, तर चोपन्न बैठका होतात. दोन विषयांच्या एकशे आठ. ऑगस्टपासून मार्चपर्यंत सुमारे दोनशे चाळीस दिवस असतात. त्यांतून सण, आजारपण, पाहुणे, दिवाळीची मागणी यांचे शंभर दिवस वजा केले, तरी एकशे चाळीस उरतात. हा हिशेब मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला होता. एखादा दिवस बुडाला की ते पान पाहायचे. बुडालेल्या दिवसांची तरतूद आधीच केलेली आहे, हे दिसले की मन शांत होत असे.

आठवड्याच्या वारांप्रमाणे वेळापत्रक करू नका, असे मी इंदूरच्या बायकांना आवर्जून सांगते. आपल्या बहुतेक वसाहतींत नर्मदेचे नळ एक दिवसाआड येतात. नळाच्या दिवशी टाक्या, हंडे, धुणे यांत सकाळ जाते आणि दुपारची कामे मागे ढकलली जातात. म्हणून मी दोनच प्रकारचे दिवस मानले. बिननळाच्या दिवशी दुपारी दीड ते तीन पूर्ण बैठक, म्हणजे नवा धडा किंवा लेखन. नळाच्या दिवशी अर्धा-पाऊण तास, तोही केवळ उजळणीला. ज्या दिवशी जेवढे होणे शक्य आहे तेवढेच त्या दिवसाकडून मागितले, तर वेळापत्रक वर्षभर टिकते.

गणेशोत्सवाचे दहा दिवस आणि अनंत चतुर्दशीची गिरण्यांच्या झाँक्यांची, म्हणजे सजवलेल्या चित्ररथांची, रात्र मी सरळ सुटी म्हणून धरली. रंगपंचमीला राजवाड्याच्या बाजूने गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते आणि त्या दिवशी या शहरात कोणाचेही पुस्तक उघडत नाही. मात्र तोपर्यंत परीक्षा महिन्यावर आलेली असते, म्हणून दुसऱ्या दिवसापासून एकही नागा होऊ नये.

एनआयओएसची पुस्तके शिक्षकाविना शिकणाऱ्यासाठीच लिहिलेली आहेत. धड्याच्या मध्ये ‘पाठगत प्रश्न’ असतात आणि त्यांची उत्तरे धड्याच्या शेवटी असतात. पहिल्या बैठकीत वाचता वाचता हे प्रश्न सोडवावेत आणि उत्तर पाहण्याआधी पेन्सिलीने आपले उत्तर लिहावे. दुसऱ्या बैठकीत पुस्तक मिटून शेवटच्या ‘पाठांत प्रश्नां’पैकी दोन-तीन लिहून काढावेत. तिसरी बैठक आठ-दहा दिवसांनी घ्यावी, लगेच घेऊ नये. मधल्या दिवसांत जे विसरले गेले तेच खरे कच्चे असते आणि ते तेव्हाच समजते. पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, तरी मोबाईलवर वाचण्यापेक्षा छापील पुस्तक बरे, कारण मोबाईल हाती आला की डब्यांचे निरोप सुरू होतात.

गणिताला हा हिशेब लागू पडत नाही. ज्यांनी ते दुसऱ्या खेपेसाठी ठेवले असेल, त्यांनीही पहिल्या वर्षापासून रोज पंधरा मिनिटे दोन उदाहरणे सोडवावीत. गणित हाताने शिकायचे असते आणि हात सुटला की पुन्हा मुळापासून सुरुवात करावी लागते. शेकडेवारी, नफा-तोटा आणि व्याज हे धडे धंदा करणाऱ्याने प्रथम घ्यावेत. डब्यांच्या हिशेबाची सवय होती म्हणून ते मला लवकर जमले आणि त्या बळावर बीजगणिताची भीती गेली. बीजगणित मला माझ्या नववीतल्या मुलीने शिकवले. ‘आई, एक्स म्हणजे अजून न मोजलेले डबे समज,’ असे ती म्हणाली आणि मला समीकरण उमगले.

9. लिहिण्याची सवय

हे कोणीच सांगत नाही, म्हणून वेगळा मथळा देते. वर्षानुवर्षे आपण स्वाक्षरी आणि किराण्याची यादी यांपलीकडे काही लिहिलेले नसते. परीक्षेत तीन तास लिहायचे असते. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत माझा अंगठा आखडला होता. ऑगस्टमध्ये रोज वीस मिनिटे धड्यातला उतारा पाहून लिहावा, दिवाळीपर्यंत सलग तासभर लिहिता आले पाहिजे, आणि फेब्रुवारीत घड्याळ लावून किमान तीन जुन्या प्रश्नपत्रिका पूर्ण तीन तासांत सोडवाव्यात. नमुना प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर असतात. परीक्षा दुपारी अडीचला सुरू होते. जेवणानंतर झापड येण्याची ती वेळ आहे, म्हणून सरावही त्याच वेळी करावा.

मराठीच्या पेपरात इंदूरकरांचे गुण कोठे जातात, तेही सांगते. आपली बोली हिंदीच्या शेजारी वाढलेली आहे. ‘मी जाऊन राहिले आहे’, ‘मला माहीत पडले’ असे आपण सहज बोलतो आणि तेच उत्तरात उतरते. ‘शिक्षा’ हा शब्द आपण शिक्षणाच्या अर्थाने लिहून जातो आणि मराठीत त्याचा अर्थ दंड होतो. ऱ्हस्व-दीर्घात तर हिंदीची सवय उलटी पडते. हिंदीत ‘कवि’ आणि ‘गुरु’ लिहितात, तर मराठीत ‘कवी’ आणि ‘गुरू’, कारण मराठी लेखननियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा असतो. ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’, ‘तथापि’ असे मोजके अपवाद पाठ करावेत. ‘ळ’च्या जागी ‘ल’ लिहू नये. हे नियम वाचून अंगवळणी पडत नाहीत. येथील मराठी संस्थांच्या ग्रंथालयातून एखादे सोपे पुस्तक आणून रोज पाच ओळी घरच्या कोणाकडून श्रुतलेखनासाठी घेतल्या, तर तीन महिन्यांत फरक दिसतो. सासूबाई वाचत आणि मी लिहीत असे. त्यांनाही त्यात रस वाटू लागला होता.

10. परीक्षेचे दिवस

प्रवेशपत्र आले की त्यावरचे नाव, विषय, माध्यम आणि केंद्र त्याच दिवशी तपासावे. केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला असू शकते. आदल्या रविवारी एकदा जाऊन फाटक पाहून यावे आणि दुपारी एक-दीडच्या वाहतुकीत किती वेळ लागतो ते मोजावे. प्रवेशपत्र, ओळखपत्र, दोन निळी बॉलपेने, पाण्याची पारदर्शक बाटली आणि डोक्याला ओढणी किंवा टोपी बरोबर घ्यावी, कारण मे महिन्यातले दुपारचे ऊन सोपे नसते. पेपरांमध्ये बरेचदा काही दिवसांचे अंतर असते. त्या मोकळ्या दिवसांत पुढच्या विषयाची तिसरी उजळणी ठेवावी, नवा धडा उघडू नये.

डब्यांच्या गिऱ्हाइकांना मी पेपरच्या तारखा पंधरा दिवस आधी सांगितल्या आणि त्या दिवशी संध्याकाळी केवळ खिचडी मिळेल असे कळवले. एकानेही तक्रार केली नाही. ती मुले स्वतः परीक्षार्थी आहेत, आणि पेपर कसा गेला हे विचारायला तीच आधी दारात येत असत.

प्रश्नपत्रिकेत वस्तुनिष्ठ प्रश्नांचा वाटा मोठा असतो. ते प्रथम सोडवावेत, परंतु पर्यायाचा क्रमांक लिहिताना प्रश्नाचा क्रमांक चुकणार नाही याकडे लक्ष द्यावे. एकही प्रश्न कोरा सोडू नये.

11. निकालानंतर

एखादा विषय राहिला, तर बाकीचे विषय सुरक्षित असतात. त्याच एका विषयाची पुढच्या खेपेची नोंदणी करावी. सर्व विषय उत्तीर्ण झाल्यावर गुणपत्रिका डिजिलॉकरवर दिसते, तरी मूळ छापील प्रत आपल्या अध्ययन केंद्राकडून जरूर घ्यावी. ती हाती पडताच नाव, वडिलांचे व आईचे नाव आणि जन्मतारीख दाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावी, आणि चूक आढळल्यास त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज करावा. मूळ प्रतीला लॅमिनेशन करू नये. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि आयटीआयच्या प्रवेशासाठी तिच्या चार छायाप्रती आधीच काढून ठेवाव्यात.